हद्द १९७२ ची, शहर आजचं: कोल्हापूर वाढायचं कुणीकडं?

रंकाळवेस

कोल्हापूरची नगरपालिका १८५४ ची. तिची महापालिका झाली १५ डिसेंबर १९७२ ला. त्या दिवशीची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटर. आजही तेवढीच. मधल्या काळात पुण्यानं १९९७, २०१७, २०२१ अशी तीनदा गावं आत घेतली. आपल्या हद्दवाढीच्या फायली मात्र मुंबईला गेल्या आणि परत आल्या. २०१६ ला शहरवाले आणि गावकरी एकमेकांविरुद्ध रस्त्यावर उतरले, आणि मधला मार्ग म्हणून २०१७ ला ४२ गावांचं प्राधिकरण पदरात पडलं.

हद्दवाढ हवी का नको यावर इथं हाणामाऱ्या होऊन गेल्यात, तो विषय परत उकरायचा नाही. (उकरला जाणारच, माहीत आहे.) माझं म्हणणं वेगळं आहे. हद्द जागेवर राहिली म्हणून शहर काही जागेवर राहिलं नाही. ते वाढलंच, पण जिकडं वाढायला नको तिकडं. आतल्या बाजूला पंचगंगा नदीकडं उतरत गेलं, आणि बाहेर पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, उजळाईवाडी अशा गावांत पसरलं. तिथं कॉलन्या शहराच्या झाल्या, रस्ते मात्र बैलगाडीच्या रुंदीचेच राहिले.

आतलं बघा. जुनं कोल्हापूर उंचवट्यावर आहे. अंबाबाईचं देऊळ, भवानी मंडप, जुना राजवाडा या भागाला महापुराचं पाणी शिवत नाही. ज्यांनी जागा निवडली त्यांना नदी कळत होती. नंतर तट पडला, वेशींची फक्त नावं उरली आणि वस्ती खाली उतरत गेली. दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली हे जुनेच, पूर सोसायची त्यांना सवय होती. पण नागाळा पार्क, रमणमळा, व्हीनस कॉर्नर या पट्ट्यात ज्या टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या त्या माझ्या डोळ्यांदेखत. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट पाणी म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. जुलै लागला की लोक "काय, बरं आहे का?" विचारत नाहीत, "आज किती फूट?" विचारतात. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २०२१ ला परत तोच प्रकार. २०२४ लाही धोक्याची पातळी ओलांडलीच.

आणि तळी? वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. कपिलतीर्थाची मंडई झाली. रावणेश्वराच्या तळ्यावर शाहू स्टेडियम उभं राहिलं. स्टेडियमबद्दल मी काही बोलणार नाही, फुटबॉलचा सीझन आहे आणि मला याच गावात राहायचंय. पण गांधी मैदानात दर पावसाळ्यात पाणी का साठतं याची चौकशी करायला समिती नेमायची गरज नाही.

असं नाही की या गावाला वाढायचं कसं ते माहीतच नव्हतं. १८९१ ला मिरजेहून रेल्वे आली आणि १८९५ ला शाहू महाराजांनी स्टेशनजवळ शाहूपुरीची पेठ वसवली, गुळाचा व्यापार तिथं नेला. पुढं राजाराम महाराजांच्या काळात राजारामपुरी झाली, सरळ रेषेत, गल्ल्यांना नंबर देऊन. म्हणजे आधी जागा आखली, मग माणसं आली. १९७२ नंतर आपण उलटं केलं.

हे आत्ताच का काढतोय? कारण चारी बाजूंनी एकदम ओझं येतंय. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं. विमानतळाला २०२४ ला नवी इमारत मिळाली. काळम्मावाडी धरणाचं पाणी २०२३ च्या दिवाळीला शहरात पोचलं. अंबाबाई मंदिराच्या आराखड्याला सुमारे १४४५ कोटींची मंजुरी आहे. शेंडा पार्कात आयटी पार्कची बोलणी आहेत. एवढं सगळं त्याच ६६.८२ मध्ये बसवायचं म्हटल्यावर ते कुठं जाणार? माझा अंदाज, परत नदीकडंच.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. पक्षांची नावं नकोत.

तांबडा रस्सा

पयला! बाकी वाचून सांगतो, लई मोठं लिवलंय.

वेशीबाहेरचा

रंकाळवेस दादा, "हद्दवाढ उकरायची नाही" म्हणून सुरुवात केली आणि सगळा लेख हद्दवाढीचाच की हो.

मी शहराला खेटून असलेल्या गावातला. नाव सांगत नाही, उद्या ग्रामसभेत कोणीतरी मोबाईल दाखवंल. आमचं म्हणणं साधं आहे. तुम्हाला आमच्याकडची माणसं नकोत, जमिनी हव्यात. गाव आत गेलं की घरफाळा वाढणार, उसाच्या रानावर कसलं तरी आरक्षण पडणार, आणि पुढची वीस वर्षं ना विकता येणार ना पिकवता येणार. शहरात आरक्षणं टाकून किती वर्षं झाली आणि त्यातली ताब्यात किती आली ते आधी सांगा.

आणि तुमच्या शहरात कोण विचारतंय लोकांना? २०१५ ला निवडणूक झाली, नोव्हेंबर २०२० ला मुदत संपली, पुढं पाच वर्षं प्रशासक. आमच्याकडं सरपंचाच्या दारात जाऊन ओरडता येतं. तुम्ही कुणाच्या दारात जात होता?

रंकाळवेस

शेवटचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. आरक्षणाचाही खरा आहे.

पण मग एक सांगा. तुमच्या गावात गेल्या पंधरा-वीस वर्षांत किती कॉलन्या पडल्या? त्यांचं सांडपाणी कुठं जातं?

वेशीबाहेरचा

ओढ्यात.

रंकाळवेस

आणि ओढा?

वेशीबाहेरचा

कळलं, कळलं. वकिलासारखं नका विचारू.

काळा कोट

वकिलांचं नाव निघालंच आहे तर येतो.

सर्किट बेंचसाठी चाळीस वर्षांहून जास्त काळ आंदोलन झालं. ते कशासाठी होतं हे शहराबाहेरच्यांना पटकन कळत नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतला माणूस एका तारखेसाठी रात्रीची गाडी पकडून मुंबईला जायचा, तिथं लॉजचे पैसे भरायचा, आणि प्रकरण बोर्डावर असूनही पुकारा व्हायचा नाही. चंदगडच्या शेतकऱ्याला आता सकाळची एसटी पकडून संध्याकाळी घरी परतता येतं. हे शहराचं भाग्य आहे. त्याला "ओझं" म्हटलेलं मला आवडलं नाही.

आता अडचण. बेंच बसलं आहे भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत. समोर सीपीआर, म्हणजे सरकारी रुग्णालय. एकीकडं सहा जिल्ह्यांचे पक्षकार गाड्या लावायला जागा शोधतायत, दुसरीकडं ॲम्ब्युलन्स वाट काढतेय. कायमची इमारत शेंडा पार्कात व्हायची आहे. ती झाली की हा ताण हलेल, पण तोवर दसरा चौक ते सीपीआर हा तुकडा रोज परीक्षा बघणार.

या भागातली भाडी कशी चढली ते मात्र पाहण्यासारखं आहे. ज्या जुन्या वाड्यातल्या खोलीला कोणी विचारत नव्हतं तिथं आता चेंबर आहे. टायपिंगवाला, झेरॉक्सवाला, मेसवाल्या मावशी, सगळ्यांना काम मिळालं. शहर बदलतं ते असं, आराखड्याच्या कागदावर ते दिसत नाही.

आठवी गल्ली

राजारामपुरीचं कौतुक वाचून बरं वाटलं. पण दादा, त्या सरळ आखलेल्या गल्ल्यांतून आज चालून दाखवा. फूटपाथवर गाड्या, गाड्यांच्या पुढं फलक, फलकांच्या पुढं गाडे. मी माझ्या सासूबाईंना घेऊन भाजीला निघते तेव्हा आम्ही रस्त्याच्या मधून चालतो, कारण कडेला जागाच नाही.

या सगळ्या चर्चेत केएमटीचा, म्हणजे महापालिकेच्या बसचा उल्लेख एकानंही केला नाही, हे बोलकं आहे. इथले सगळे पुरुष बुलेटवर दिसताहेत. केएमटी १९६२ पासून आहे. कामावर जाणाऱ्या बायका, कॉलेजच्या मुली, औषधाला येणारे म्हातारे यांचं शहर त्या बसवर चालतं. उपनगरं गावांच्या हद्दीत आणि बस महापालिकेची. मग गावं म्हणतात बस हवी, आणि महापालिका म्हणते तोटा आमच्या माथी का. हद्दीचं भांडण तुम्ही जमिनीवरून घालता, आम्ही ते बस थांब्यावर उभं राहून भोगतो.

आणि बाजारपेठेत बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह कुठं आहे ते सांगा. १४४५ कोटी म्हणे.

तांबडा रस्सा

ताई, एक नंबर. बुलेटवाला हजर आहे, मान खाली घातलीय.

मोल्डिंगवाला

मी फाउंड्रीतला. शिवाजी उद्यमनगरात आजोबांचा पॅटर्नचा कारखाना होता, वडील शिरोलीला गेले, मी आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत. घरातल्या तीन पिढ्यांचा प्रवास बघितला तरी शहर कुठल्या दिशेनं सरकलं ते कळतं. ते नदीकडं नाही सरकलं, हायवेला धरून सरकलं. त्यामुळं रंकाळवेस यांचं अर्धंच पटतं.

घरं नदीकडं गेली, रोजगार हायवेकडं गेला. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. तिन्ही महापालिकेच्या हद्दीबाहेर. कामगार राहतो शहरात किंवा गावात, आणि रोज मोटारसायकलवरून हायवेनं पाळीला जातो. सर्व्हिस रोडवर सकाळी साडेसहाला काय परिस्थिती असते ती एकदा येऊन बघा. महापालिकेला या उद्योगांकडून कर मिळत नाही, आणि कामगारांच्या घराचं पाणी-कचरा मात्र तिनं बघायचं.

वीजदराचा विषय काढला तर धागा भरकटेल, पण कर्नाटकात जायची भाषा इथले कारखानदार उगाच करत नाहीत. निपाणी किती लांब आहे? एवढंच सांगतो की आयटी पार्क येईल तेव्हा येईल, जे आहे ते टिकवायचं कोण बघतंय? सीएनसी चालवणारी चांगली पोरं पुण्याला जातात, आणि का तर म्हणे इथं "लाईफ" नाही.

कात्रजपलीकडं

मी त्या पोरांपैकीच एक. लाईफबिईफ काही नाही हो, पगार. पुण्यात पगार आहे, बाकी सगळं कोल्हापुरात आहे.

शेंडा पार्कात खरोखर चार चांगल्या कंपन्या आल्या तर मी उद्या बॅग भरतो. माझ्यासारखे शेकड्यांनी आहेत. पण पुण्याचं हिंजवडी बघून एक सांगतो: कंपन्या आधी आणि रस्ते-पाणी मागून, असं केलंत तर दहा वर्षांत कोल्हापूरचं पुणं होईल आणि मग परत यायला जागाच उरणार नाही.

ओढ्याकाठी

स्थापत्य अभियंता आहे, नदीचं काम थोडंफार केलंय. मूळ लेखातल्या पुराच्या मुद्द्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण सगळी चर्चा त्याला वळसा घालून चाललीय.

पंचगंगा प्रयाग चिखलीला तयार होते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, आणि गुप्त सरस्वती धरून पाच. सह्याद्रीवरून हे पाणी फार वेगानं खाली येतं. चिखलीच्या पुढं मात्र नदी जवळपास सपाट पात्रातून वळणं घेत नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा भरलेली असली की पंचगंगेला पुढं जायला वाट राहत नाही. पाणी तुंबतं आणि काठावर पसरतं. तो काठ, म्हणजे आपण ज्याला नुसतं "रिकामं रान" म्हणतो, तो नदीचाच भाग आहे. महापुरात तिथं पाणी काही दिवस थांबतं आणि मग ओसरतं.

आता पूररेषा. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्याच्या आत बांधकामाला बंदी. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर परवानगी मिळते, आणि मुख्य अट जोतं उंच घेण्याची. कागदावर हे शहाणपणाचं वाटतं. प्रत्यक्षात प्लॉटवर मुरमाचा भराव पडतो, इमारत उंचावर बसते, तिच्या पार्किंगमध्ये पाणी येत नाही. पण भरावानं जेवढी जागा खाल्ली तेवढं पाणी शेजारच्या जुन्या, बुटक्या घरात जातं. नवीन इमारतीतला माणूस गॅलरीतून व्हिडिओ काढतो आणि कुंभार गल्लीतला माणूस गणपतीच्या मूर्ती डोक्यावर घेऊन बाहेर पडतो. ऐन ऑगस्टमध्ये, वर्षाचा धंदा हातातोंडाशी आलेला असताना.

हायवेचंही तेच. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवे बंद पडला. पेट्रोल, दूध, भाजी, सगळ्याची ओरड झाली. तेव्हापासून मागणी आहे की नदीच्या पट्ट्यात रस्ता भरावावर नको, खांबांवर घ्या. म्हणजे खालून पाणी जाईल. भराव स्वस्त पडतो, म्हणून भराव होतो. बांधणाऱ्याला स्वस्त, एवढंच त्यातलं खरं.

जयंती नाला आणि गोमती नाला हे मूळचे ओढे आहेत, शहराचं पावसाचं पाणी नदीला नेणारे. त्यांचं आपण गटार केलं, कडेनं भिंती घातल्या. कसबा बावड्यात ७६ एमएलडीचं (म्हणजे रोज ७६ दशलक्ष लिटर), दुधाळीत १७ एमएलडीचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र झालं, तेव्हा नदीत जाणारी घाण कमी झाली, पण ओढ्याची रुंदी काही परत मिळाली नाही. रंकाळवेस यांनी "नदीकडं वाढलं" म्हटलंय ते म्हणूनच बरोबर आहे, फक्त त्यात "ओढ्यांवरही" एवढं जोडा.

तांबडा रस्सा

एवढं सगळं खरं, पण पूर तर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं येतोय ना भावा? आमच्या चौकात तरी हेच म्हणतात.

ओढ्याकाठी

२०१९ च्या पुराचा अभ्यास करायला राज्य सरकारनं वडनेरे समिती नेमली होती. तिनं त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. अतिवृष्टी, आणि नदीपात्रातली अतिक्रमणं यावर बोट ठेवलं. धरणांच्या पाणी सोडण्यात दोन राज्यांचा ताळमेळ हवाच, उंची वाढवण्याला विरोधही समजू शकतो. पण अलमट्टी दूर आहे, तिला शिव्या देणं सोपं. रमणमळ्यातला भराव शेजाऱ्याचा असतो.

वेशीबाहेरचा

ओढ्याकाठी साहेब, हे ग्रामसभेत येऊन सांगाल का? खरंच विचारतोय. आमच्याकडं बिल्डर ओढ्याचं पाईप करतोय. बारा फुटांचा ओढा, तीन फुटांचा पाईप, वर रस्ता. लोक खूश, रस्ता झाला म्हणून.

ओढ्याकाठी

येतो. व्यनि करा.

महाद्वार रोड

दुकान महाद्वार रोडवर, आजोबांपासूनचं, पागडीचं. त्यामुळं माझं बोलणं स्वार्थी समजा हवं तर.

मंदिराचा आराखडा चांगला का वाईट हे मी सांगू शकत नाही, कारण माझं दुकान त्यात राहतं का जातं हेच मला अजून नीट कोणी सांगितलेलं नाही. मालकाला मोबदला मिळेल. भाडेकरूला काय? आणि दाराशी फुलं, ओटीचं सामान, बांगड्या घेऊन बसणाऱ्या बायकांना काय? त्या कुठल्याच कागदावर नाहीत. देवीच्या भाविकाला मोकळा रस्ता हवा, कबूल. नवरात्रात रांग कुठवर जाते ते मी दुकानातून बघतो. शनिवार-रविवारी तावडे हॉटेलपासूनच गाड्या मुंगीच्या पावलानं येतात. पण भाविक दर्शन घेऊन चप्पल, साज, गूळ घ्यायला आमच्याकडंच वळतो. ती वर्दळ उचलून पार्किंगच्या इमारतीत ठेवता येईल असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी दुकान चालवलेलं नाही.

एक गोष्ट मात्र आमच्या बाजूच्यांनीही ऐकावी. किरणोत्सव. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटाला मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यात जातात. ज्यांनी देऊळ बांधलं त्यांनी दिशा साधली, आणि आम्ही त्या वाटेत मजले चढवले. काही वर्षी किरणं पायाशीच थांबतात, तेव्हा ढग आणि धुळीबरोबर आमच्या इमारतींचंही नाव घेतलं जातं. दरवर्षी मोजमाप होतं, अडथळ्यांची यादी होते, थोडं काढलं जातं, थोडं राहतं. स्वतःच्या देवीच्या उन्हासाठी एक मजला सोडता येत नसेल तर मोठ्या आराखड्याबद्दल तक्रार करायचा आमचा हक्क जरा पातळ होतो.

आठवी गल्ली

महाद्वार दादा, हे प्रांजळ आहे. आवडलं.

काळा कोट

पागडीच्या भाडेकरूंना कायद्यानं काहीच नाही असं नाही. पण आधी सगळ्यांनी जुनी कागदपत्रं गोळा करा. पावत्या, लाईटबिलं, शॉप ॲक्ट. आणि एकेकट्यानं भांडू नका, संघटनेमार्फत लेखी म्हणणं द्या. इथं सल्ला देत नाही, एवढंच सांगतो.

मोल्डिंगवाला

लेखी म्हणण्यावरून आठवलं. शहरातल्या रस्त्यांवरचा टोल कसा घालवला ते आठवतंय ना? २०१३ ला नाके सुरू झाले, जानेवारी २०१४ ला पेटले, आणि २०१५ संपता संपता टोल गेला. एन. डी. पाटील सरांनी आणि गोविंद पानसरे अण्णांनी सगळं गाव एका ठिकाणी आणलं. पेठा, तालमी, सगळे पक्ष.

पण एक विचारतो, शिव्या घाला हवं तर. शहरांतर्गत रस्त्याला टोल नको, शंभर टक्के बरोबर. मग पुढं रस्त्याला पैसे कुठनं आणायचे याचं उत्तर आपण दिलं का? कंपनीची भरपाई सरकारनं केली. आपण फटाके वाजवले. त्यानंतर घरफाळा वेळेवर भरा म्हणून एक तरी मोर्चा निघाला का? आपल्याला "देणार नाही" म्हणता येतं, जोरात म्हणता येतं. काय देणार ते म्हणायची सवय नाही.

रंकाळवेस

मोर्चात मीही होतो आणि आजही परत जाईन. टोलची तुलना घरफाळ्याशी करू नका. ते रस्ते झाले त्यात पावसाचं पाणी जायची सोय धड नव्हती, युटिलिटी खाली गाडल्या गेल्या, आणि लोकांना न विचारता तीस वर्षांचा करार झाला होता. लोक पैशाला नाही, न विचारण्याला भडकले.

आणि तिथंच माझ्या मूळ मुद्द्याकडं येतो. पंचगंगेवरच्या शिवाजी पुलाचं बघा. पर्यायी पूल अर्धवट लटकून राहिला, कारण ब्रह्मपुरीच्या टेकडीमुळं पुरातत्त्वाचा नियम आडवा आला. नियमही बरोबर होता. १९४५-४६ च्या उत्खननात त्याच टेकडीवर रोमशी व्यापाराच्या खुणा मिळाल्या, ब्राँझचा समुद्रदेव मिळाला. टाऊन हॉलच्या संग्रहालयाचं नाव त्यानं जगात नेलं. पण नियम पूल आखताना बघायचा, खांब उभे राहिल्यावर नाही. २०१८ च्या जानेवारीत मिनीबस जुन्या पुलावरून कोसळली, तेरा माणसं गेली, तेव्हा कुठं हालचाल झाली.

म्हणजे इथं विरोध विकासाला होत नाही. आधी कोणी नकाशा समोर ठेवत नाही, आणि ठेवला की बांधकाम सुरू झालेलं असतं.

कात्रजपलीकडं

तसा केशवराव भोसले नाट्यगृहाचा प्रकार नको व्हायला. ८ ऑगस्ट २०२४ ला जळालं तेव्हा मी पुण्यात मोबाईलवर बघत रडलो होतो. १९१५ ची वास्तू. निधीच्या घोषणा लगेच झाल्या. पण जळायच्या आधी तिची वायरिंग कोण तपासत होतं, हे कुणी विचारत नाही.

वेशीबाहेरचा

हे सगळं ऐकून मी घाबरलो उलट. नाट्यगृह, पूल, नाला, पार्किंग यातलं काही वेळेत जमत नाही त्या पालिकेत आम्ही यायचं?

रंकाळवेस

प्राधिकरणात आहातच की. तिथं काय जमलं?

वेशीबाहेरचा

तेही नाही.

आठवी गल्ली

मग मिळून काहीतरी मागा ना. हद्दवाढ होईल तेव्हा होईल. ओढा शहरातून गावात जात नाही, गावातून शहरात येतो. कळंब्याकडनं सुरू होऊन जयंती नाला इथवर येतो. तुम्ही वर पाईप घातला तर आम्ही खाली बुडणार. मग ओढे, बस आणि कचरा एवढ्या तीन गोष्टींपुरती तरी शहर आणि प्राधिकरणाची एक यंत्रणा करा म्हणून सह्या घ्यायला काय हरकत आहे? लाईन बझारला झूम प्रकल्पाचा कचऱ्याचा डोंगर आहेच, आता प्रत्येक गावानं आपापला ओढ्याकाठी नवा डोंगर सुरू केलाय.

ओढ्याकाठी

(माझा नव्हे. नावात काय आहे ते कळलं.)

ताईंचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्याही बरोबर आहे. पाणलोट हेच नियोजनाचं माप धरायला हवं, हद्द नव्हे. शहराचा तिसरा विकास आराखडा तयार होतोय. प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकती द्यायला मोजके दिवस मिळतात, आणि त्या दिवसांत लोक फक्त स्वतःच्या सर्व्हे नंबरवर आरक्षण पडलंय का तेवढं बघतात. त्याआधी आपल्या हातात काहीतरी हवं.

मी असं सुचवतो. ज्यांच्या घराच्या, दुकानाच्या, देवळाच्या भिंतीवर २०१९ किंवा २०२१ च्या पाण्याची खूण आहे त्यांनी फोटो काढा. शेजारी उभी टेप धरून, जमिनीपासूनची उंची दिसेल असा. गल्लीचं नाव आणि वर्ष लिहा. २००५ ची खूण असेल तर फारच उत्तम. मी ते नकाशावर बसवतो आणि पूररेषा व नव्या बांधकामांवर ठेवून बघतो. जिथं दोन पुरांत बंधाऱ्यावरची पातळी सारखी आणि गल्लीतली खूण मात्र वर सरकलेली दिसेल, तिथं मधल्या काळात कोणीतरी पाण्याची वाट अडवलेली असण्याची शक्यता मोठी. हरकतीला जोडायला याहून चांगला कागद नाही.

तांबडा रस्सा

पंचगंगा तालमीजवळच्या पाहुण्यांकडं दोन्ही वर्षांच्या खुणा आहेत, ऑइलपेंटनं मारलेल्या. रविवारी मटण आहेच तिकडं, टेप घेऊन जातो.

महाद्वार रोड

आमच्याकडं पूर येत नाही, पण गोडाऊन दुधाळीत आहे. शटरवर खूण आहे. टाकतो.

मोल्डिंगवाला

शिरोलीतल्या दोन-तीन कारखान्यांत मशीनच्या बेडवर खुणा आहेत. परवानगी विचारून फोटो पाठवतो, कंपनीची नावं लावू नका.

वेशीबाहेरचा

आमच्याकडं पुराची खूण नाही, पण ग्रामपंचायतीत ओढ्याचा जुना नकाशा आहे, पाईप घालायच्या आधीचा. ग्रामसेवकाला सांगून स्कॅन करून टाकतो. हद्दवाढीला विरोध कायम आहे, ते आधीच सांगून ठेवतो.